नांव कुणाचें?

भिवंडीच्या गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. १८५७ नंतर उत्तरेंतून आलेल्या मोमीन विणकरांनीं जेथें हातमाग मांडले, तेथेंच आज यंत्रमागांवर अफाट कापड निघतें. पण त्यांतील पुष्कळसें कोरें. तें दुसरीकडे जाऊन रंगतें आणि कुणा तरी पेढीचें नांव धारण करून दुकानांत येतें. या गांवीं बसून फ्रान्समधील शॅंपेनच्या घराण्यांचा विचार करावा, हें वाचकांस विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु येथें ज्या प्रश्नाचा कुणी उच्चारहि करीत नाहीं, तोच तेथें एकदां आग लावून विचारला गेला होता.

शॅंपेनची कृति संयमाची आहे. निरनिराळ्या मळ्यांचें व निरनिराळ्या सालांचें मद्य एकत्र मिसळून बाटलींत भरतात, त्यांत थोडी साखर व किण्व घालून ती बंद करतात. आंत तें पुन्हा आंबतें, आणि बाहेर पडूं न शकणारा वायु मद्यांतच मुरतो. बाटली निदान १५ महिने, एकाच सालाचें मद्य असल्यास ३ वर्षें, तळघरांत राहते. मग ती हळूहळू फिरवीत उलटी करतात, म्हणजे मेलेलें किण्व बुचापाशीं जमून काढून टाकतां येतें. ही युक्ति मादाम क्लिको हिच्या तळघरांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाली. १८०५ सालीं, अवघी सत्तावीस वर्षांची असतां, ती विधवा झाली होती. आणि पेढीच्या नांवांत 'विधवा' हा शब्द आजहि आहे. आपल्याकडे ज्या शब्दानें स्त्रीला मंगल कार्यांतून उठविलें, तो तिकडे व्यापाराची मुद्रा झाला!

पाऊस कसाहि पडो, यंदाची चव गेल्या सालासारखीच लागली पाहिजे, हा या घराण्यांचा अभिमान. त्यासाठीं चांगल्या सालाचें मद्य राखून ठेवतात, आणि बापानें राखलेलें मुलगा मिसळतो. यांत नीति आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण त्या प्रदेशांतील सुमारें नऊ दशांश मळे पेढ्यांचे नसून शेतकऱ्यांचे आहेत. कांहीं व्यापारी बाहेरचीं स्वस्त द्राक्षें आणून त्यांचें मद्य शॅंपेन म्हणून विकतात, या संतापानें १९११ सालीं शेतकरी उठले आणि आय् गांवीं पेढ्या पेटल्या. पुढें १९२७ च्या कायद्यानें प्रदेशाची सीमा नक्की झाली. भूमीच्या नांवाला रक्षण मिळालें. मळेवाल्याचें नांव मात्र पेढीच्या बाटलीवर सहसा आलें नाहीं.

आमच्या नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत पायपर-हाइडसीक या पेढीच्या साहाय्यानें तसेंच फेसाळ मद्य काढलें. परदेशांत तें 'उमर खय्याम' या नांवानें गेलें. रीत फ्रान्सची, द्राक्ष आमचें, नांव इराणी कवीचें! ती पेढी पुढें मोडली.

कुणी म्हणेल, मिसळणाराचें कौशल्य हेंहि श्रमच आहेत, आणि शंभर हातांचीं नांवें एका चिठ्ठीवर मावत नाहींत. खरें आहे. परंतु नांव एकाचें लागलें म्हणजे भाव ठरविण्याचा अधिकारहि त्या एकाकडेच जातो. आय् येथील भांडण शब्दाचें होतें तितकेंच या भावाचें होतें. भिवंडींत असा दंगा होण्याचें कारणच नाहीं, कारण कोऱ्या कापडाला चोरण्यासारखें नांवच नसतें. हें लिहितांना माझ्या अंगांत जो सदरा आहे त्याच्या गळ्यापाशीं मुंबईच्या एका दुकानाची चिठ्ठी आहे. कापड कदाचित् मागच्याच गल्लींतलें असेल.