मुळासकट

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळा उपसला जातो. कान तुटलेले कप, झाकणे हरवलेले डबे, जोडीदार गमावलेली एक चप्पल यांना दरवर्षी देहान्ताची शिक्षा होते आणि दरवर्षी त्यांतले निम्मे अपराधी माफी मिळवून माळ्यावर परततात. या खेपेला त्यांच्या रांगेत माझा संगणक आला. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली होती. मीच चालढकल करीत होतो. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी विंडोज ११ घालायला आला.

"सर, तुमचा तो जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम आधी मुळासकट काढू या," तो म्हणाला. "वरवर काढला तर रजिस्ट्रीत त्याच्या नोंदी राहतात, कोपऱ्यात फोल्डर राहतात, आणि नव्याच्या पायांत येतात."

अर्धवट काढलेले जुने कामाला येत नाही आणि वाटही सोडत नाही, हे मला पटले. पण त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मनात रुतली. काही फायली अनेक प्रोग्राम मिळून वापरतात. अशा फाईलवर किती जण अवलंबून आहेत याची विंडोज मोजदाद ठेवते; एक प्रोग्राम गेला की आकडा एकाने घटतो, आणि तो शून्यावर आला तरच फाईल काढायची, असा संकेत आहे. माणसे माळा उपसताना एवढे तरी पाहतात का?

माझ्या त्या प्रोग्रामवर एकच गोष्ट अवलंबून होती. वडिलांनी अखेरच्या आजारात सांगितलेल्या आठवणी मी त्यात टिपल्या होत्या. त्याचा फॉन्ट युनिकोडचा नव्हता. आत साठलेली असत रोमन अक्षरांची चिन्हे; त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवण्याचे काम फॉन्ट करी. फॉन्ट काढला की वडिलांचे बोलणे म्हणजे निरर्थक अक्षरांची माळ.

मजकूर युनिकोडमध्ये नेता येत होता. मी तो नेला नव्हता. याला मी पितृभक्ती म्हणत असे. खरे कारण निराळे होते. माझ्या काकांनी आपले शिक्षण सोडून वडिलांना शिकवले आणि वडिलांनी ते ऋण कधी उच्चारले नाही, हे त्या आठवणींत आहे. काकांच्या मुलांना हे सांग, असेही त्यांनी म्हटले आहे. माझ्या संगणकाखेरीज कोणालाही वाचता येऊ नये, अशा लिपीत मी ते जपून ठेवले होते. तेव्हा जुन्याची माझी ती जपणूक म्हणजे कुलूपच होते म्हणायचे!

त्या रात्री रूपांतर केले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडात ती नंतर. तिने आणि रफाराने जागोजाग घोळ घातला होता. एकेक शब्द दुरुस्त करताना प्रत्येक वाक्य वाचावेच लागले. पहाटे काकांचे नाव नीट उमटले. सकाळी विद्यार्थ्याने प्रोग्राम नोंदींसकट काढला.

नवी विंडोज जुनीला दहा दिवस एका फोल्डरात ठेवते. तेवढ्यात मागे फिरता येते, पुढे नाही. सुतकही दहाच दिवसांचे असते. सातव्या दिवशी मी ती पाने चुलतभावाला पाठवली. उत्तर अजून आलेले नाही.

चप्पल मात्र पुन्हा माळ्यावर गेली आहे.