रिसलिंगचे रिसलिंगपण

गुण पालटत असताना वस्तू तीच राहिली असे कोणत्या आधारावर म्हणावे, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न रिसलिंग या जर्मन द्राक्षवाणाच्या बाबतीत अगदी मूर्त होतो. कारण या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून मोझेल नदीकाठच्या पाटीच्या दगडाच्या उतारांवर जेमतेम ८ टक्के मद्यार्काची गोडसर वाइन होते, ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीत लिंबाची आठवण देणारी कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन होते, आणि बोट्रायटिस बुरशीने वेलीवरच सुकवलेल्या मण्यांपासून मधासारखी दाट वाइनही होते.

वेदान्तात लक्षणाचे, म्हणजे वस्तू ओळखण्याच्या खुणेचे, दोन प्रकार मानले आहेत. देवदत्ताचे घर दाखवताना ‘ज्यावर कावळा बसला आहे ते’ असे सांगणे हे तटस्थलक्षण होय, कारण कावळा उडाला तरी घर तेच राहते. वस्तूच्या अस्तित्वाशी अभिन्न असते ते स्वरूपलक्षण. रिसलिंगचा गोडवा हा असा घरावरचा कावळा आहे. आम्लतेचे तसे नाही. उशिरा पिकणाऱ्या या वाणाच्या मण्यांत साखर भरली तरी आम्लता टिकते, आणि वाइन सहसा नव्या ओकच्या पिंपात मुरवली जात नसल्याने लाकडाचा वासही तिला झाकत नाही. तरीही आम्लतेला स्वरूपलक्षण म्हणता येत नाही, कारण नाशिककडे लावल्या जाणाऱ्या शेनिन ब्लाँ या वेगळ्या वाणातही ती ठळकपणे आढळते. लक्षण असे लक्ष्याबाहेर पसरले की नैयायिक त्या दोषाला अतिव्याप्ती म्हणतात.

म्हणून चव ही खूण मानावी आणि आधार वंशात शोधावा, हेच अधिक सयुक्तिक ठरते. रिसलिंगचे बी पेरले तर रिसलिंग उगवत नाही, दुसराच वाण उगवतो. रिसलिंग हवे असेल तर जुन्या वेलीची काडीच लावावी लागते. १४३५ साली र्‍युसेल्सहाइम येथील विक्रीच्या नोंदीत या वेलींचे नाव प्रथम आले, आणि आज जगभर उभी असलेली रिसलिंगची प्रत्येक वेल ही मुळात एकाच रोपाची काडीकाडीने पुढे चालत आलेली काया आहे. तिच्यात लहानसहान जनुकीय बदल होत राहतात, पण सातत्य तुटत नाही. उलट मध्य युरोपातील वेल्शरिसलिंग हा वाण नावात रिसलिंग मिरवत असला, तरी त्याचा या वंशाशी संबंध नाही.