रंग, डाग आणि पूज्यता

श्रावणी अमावास्येचा पोळा सरला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, भिवापूर-उमरेडपासून नागपुरापर्यंतच्या मुलुखात तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली मुलांसाठी हा दस्तूर घालून दिला, अशी परंपरागत समजूत आहे. खरादावर कातलेल्या चाकांवर उभा असलेला लाकडी नंदी, त्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर रंगाने चितारलेली झूल आणि त्याला दोरीने ओढीत दारोदार बोजारा मागणारी मुले पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो : काष्ठाच्या ठायी त्या दिवशी जी पूज्यता येते ती रंगाने आणलेली असते, की रंगापूर्वीच तेथे असते?

ब्रह्मसूत्रांतील समन्वयसूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी संस्काराचे दोन मार्ग सांगितले आहेत : गुण जोडणे आणि दोष काढणे. सुताराच्या कामात दोन्ही प्रत्यक्ष दिसतात. फिरत्या लाकडाला पटाशी लागताच त्याचा खडबडीतपणा भुशाबरोबर गळून पडतो, आणि पुढे रंगाचा हात त्यावर शोभा चढवितो. परंतु काष्ठकलेत तिसरीही एक क्रिया आहे. तापल्या सळईच्या टोकाने रेघ ओढली, किंवा खरादावर फिरणाऱ्या लाकडावर ताणलेली तार दाबून धरली, म्हणजे घर्षणाच्या दाहाने जी काळी रेषा उमटते, तीत बाहेरून आणलेले द्रव्य काहीच नसते. लाकूडच आपल्या अंगच्या कोळशाने बोलू लागते. आचार्यांच्या परिभाषेत हा संस्कार नव्हे, विकार होय. आणि जे विकार पावते ते अनित्य, हा त्यांचा सिद्धांत मला शिरोधार्य आहे.

तथापि व्यवहाराच्या भूमीवर या विकाराचे मोल निराळे आहे. रंग खरवडून दर साली नवा देता येतो; डाग परत घेता येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी होते, तेव्हा शेतकऱ्याचा हात प्रथम बैलाच्या शिंगांकडे जात नाही. जुवाच्या ओझ्याने जेथे मानेवर घट्टा पडला आहे तेथे तो हळद-तूप चोळतो. तो घट्टा कोणी बाहेरून चिकटविलेला नाही. श्रमाने कातडेच पालटले आहे. सळईच्या डागाचे आणि या घट्ट्याचे कुळ एकच आहे. म्हणून माझे उत्तर असे की पूज्यता त्या घट्ट्यात आहे, कारण आपल्या घरच्या धान्याचे ऋण तेथे कायमचे नोंदले गेले आहे. झूल आणि बेगड ही त्या ऋणाची आपण दिलेली कबुली.

कबुली क्षुद्र नव्हे. ऋण मनोमन जाणणे आणि चारचौघांत ते मान्य करणे यांत अंतर आहे, आणि सण हे अंतर मिटविण्यासाठीच असतात. परंतु सजावटीच्या स्पर्धांत बक्षिसाची नजर केवळ झगमगाटावर खिळली, म्हणजे कबुली उरते आणि ऋण विसरले जाते. लाकडी नंदीला खांदा असतो, घट्टा नसतो. ती उणीव रंगाने भरून निघणारी नाही. यासाठी ज्या मुलाच्या हाती आपण कुंचला देणार, त्याचा हात आदल्या संध्याकाळी गोठ्यातल्या बैलाच्या मानेवर ठेवावा, हे मला तान्ह्या पोळ्याचे पहिले विधिकर्म वाटते.