आधी नळाखाली मोजपात्र ठेवा

बसा खाली. टाळ्या पुरेत. तुमचे प्रकल्प पाहून झाले, आता माझं ऐका.

‘पाणी वाचवा’चे सात तक्ते आणि थर्माकोलची दोन धरणं! ज्या थर्माकोलच्या ताटांवर, मखरांवर राज्याने २०१८ साली बंदी घातली, त्याचंच धरण बांधून तुम्ही पोरांना पर्यावरण शिकवणार? बरं, त्यात पाणी किती मावेल, असं विचारलं तर दोन्ही गट एकमेकांची तोंडं बघत बसले.

बाहेर वऱ्हांड्यातला नळ गळतोय. सकाळपासून तुम्ही सगळ्यांनी तिथेच हात धुतले. चहाच्या सुट्टीत मी त्याखाली मोजपात्र धरून दहा मिनिटं उभी राहिले. १२० मिलिलिटर. दिवसाचं किती, असं विचारल्यावर गणितात एम.एस्सी. केलेल्यांचे हात मोबाइलकडे गेले. सव्वासतरा लिटर, महाराज! महिन्याला पाचशेच्या वर. गुणाकार चौथीतला आहे, तो तुम्हाला येतो. नळाकडे बघणं येत नाही.

‘पोर्शन पुरा होत नाही, त्यात हे आणखी एक’, हे रडगाणं मला ऐकवू नका. पर्यावरण शाळेत सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावलं. आपण काय केलं? एक पुस्तक, एक वही, एक श्रेणी. वहीत एकमेकांची नक्कल आणि प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून विकत. नवा तास कोण मागतंय? तुमच्याच घनफळाच्या तासाला पोरांना पटांगणात न्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर. झाले १ लाख २० हजार लिटर. उडून-सांडून पाचवा हिस्सा गेला, तरी ९६ हजार उरतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या गाडीतल्या एका टाकीत सुमारे ५० हजार लिटर मावायचं. जवळजवळ दोन टाक्या तुमच्या पत्र्यावरून गटारात जातात आणि तुम्ही फळ्यावर शंकूचं घनफळ काढता!

दोष एकट्या तुमचा नाही, तेही सांगते. बी.एड.ला तुम्हाला पाठाचं टाचण सुबक काढायला शिकवलं, ओढ्यावर कुणी नेलं नाही. आणि आम्ही तज्ज्ञ म्हणवणारे? काल दिवसभर पडद्यावर वितळते हिमनग दाखवले. हिमनग! या तालुक्यात विहिरी मार्चमध्ये तळ गाठतात. विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे, हे दर महिन्याला मोजून आलेख काढा. तो आलेख पोरगं घरी दाखवील, बाप त्यावर वाद घालील. तुमचा तक्ता मात्र भिंतीवर पिवळा पडेल.

उद्या प्रत्येकाने सरळ बाजूंची एक रिकामी बाटली, कात्री आणि पट्टी आणायची. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, झालं नरसाळं. बाटलीचं बूड खोलगट असतं, म्हणून आधी थोडं पाणी भरून शून्याची खूण करायची. हे पर्जन्यमापक आधी तुम्ही करायचं, मग पोरांकडून करून घ्यायचं. तक्ता आणलात तर परत पाठवीन. आणि जाताना तो नळ घट्ट करा. वायसर गेला असेल तर शिपायाची वाट बघू नका. पाना माझ्या पिशवीत आहे.