ओपनिंग कुठं चुकलं?

हरलेल्या डावाची चिरफाड करण्याइतकं सोपं काम जगात नाही. अट एकच, डाव दुसऱ्याचा हवा.

परवा पालीतल्या आमच्या ओसरीवर नात मला मोबाईलवर २८ जुलै २०२५ चा डाव दाखवत होती. बातुमीतली महिला विश्वचषकाची अंतिम लढत. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि तिच्या दुप्पट वयाची कोनेरू हंपी. दोन मोठे डाव बरोबरीत, जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी, आणि हंपी हरली.

"ओपनिंगच चुकलं तिचं!" अडकित्ता मिटत मी निकाल दिला. बुद्धिबळात मला घोड्याची अडीच घरं तेवढी कळतात; पण निकाल द्यायला तेवढी पुरतात.

"नाही हो आबा. ओपनिंगमध्ये काही बुडालं नव्हतं. चूक झाली ती पुढं, घड्याळात वेळ उरला नव्हता तेव्हा. आपल्याला हे यंत्र सांगतंय. तिच्याजवळ कुठं यंत्र होतं?"

सुपारी तशीच गालात राहिली. कारण एका डावाची चिरफाड मी पन्नास वर्षं करत आलोय. १९७२ च्या दुष्काळात दादांनी, म्हणजे वडिलांनी, रस्त्याकडेचं रान विकलं. आता त्या सोलापूर-धुळे हायवेलगतचा गुंठ्याचा भाव कानावर आला, की मी घरभर ऐकवतो, "दादांनी माझं ओपनिंगच बिघडवलं!"

दादांचं घड्याळ मात्र मी कधी पाहिलंच नाही. विहीर कोरडी, बैल उपाशी, घरात सात तोंडं. पन्नास वर्षांनंतरचा भाव त्यांना कुठल्या यंत्रानं सांगायचा? त्याच पैशावर आम्ही जगलो, माझी शाळाही सुटली नाही.

आणि खरं सांगायचं तर १९८६ साली तेच रान परत मिळत होतं. घेणाऱ्याला नड होती. मला पगार होता, विचाराला वेळही होता. मी स्कूटर घेतली.

मग चूक म्हणायचं कशाला? तेव्हा दिसत असूनही जे केलं नाही, ती चूक. आज दिसतं ते नुसतं शहाणपण, तेही उधारीचं. पण आपली रीतच अशी, की बापाला तपासायचं यंत्रानं आणि स्वतःला सोडवायचं घड्याळ दाखवून!

"आबा, ती स्कूटर कुठंय हो?" नातीनं विचारलं.

गोठ्यात आहे. कोंबड्या बसतात तिच्यावर.