आवाज कुठे अडला?



या वेळी चिंतनाला घेतलेला विषय जरा वेगळा आहे: गाडीतला रेडिओ. मंडळी म्हणतील, याचा आपल्याशी काय संबंध? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात एका रेडिओपायी आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला, आणि तो अजून निस्तरलेला नाही. म्हणून लिहितो आहोत.

आमचे एक गुरुबंधू वडोदऱ्यात लग्नकार्यांना गाड्या भाड्याने देतात. त्यांच्याकडे एक जुनी जर्मन गाडी आहे. सेकंड हँड घेतलेली, पण नवरदेवासाठी म्हणून जपलेली. एके दिवशी त्या गाडीतली सगळी ऑडिओ सिस्टिम एकदम मुकी झाली. नुसता रेडिओ नव्हे, स्क्रीन काळी, फोन जोडला जाईना, सगळंच बंद. गाडी मात्र मस्त चालत होती. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. नोंद निघाली, ‘अ‍ॅम्प्लिफायरशी संपर्क तुटला’. अ‍ॅम्प्लिफायर डिकीत असतो, आणि डिकीची साफसफाई करायचा तो गाडी चालवणारा मुलगा. पंचमहालकडचा, वीस-बावीस वर्षांचा. झालं! धुताना पाणी मारलं असणार, असं ठरलं.

मुलगा एकच सांगत होता, "शेठ, मागे नवीन कार्पेट बसवलं ना, त्या दिवसापासून बंद आहे." कुणी ऐकून घेतलं नाही. गुरुवारच्या बैठकीनंतर चहाला हा विषय निघाला तेव्हा आम्हीही मान डोलावली. "आजकालची पोरं कबूलच करत नाहीत" हे वाक्य आमच्यातल्याच एकाचं आहे. दोन महिने त्याच्या पगारातून तीन-तीन हजार कापले. तिसऱ्या महिन्यात तो काम सोडून गेला.

इकडे दुसऱ्या गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर शोधून आणून बसवला. गाडी मुकी ती मुकीच.

शेवटी मकरपुऱ्याकडच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. आमच्यातले दोघं सोबत होते. काकांनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही तक्रार कुणाच्या वहीत लिहिलेली आहे ते पाहिलंत का?"

आम्हाला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. गाडीतलं प्रत्येक यंत्र आपली आपली नोंद ठेवतं. ‘अमक्याशी संपर्क तुटला’ ही नोंद अमक्याने केलेली नसते, त्याची वाट बघत बसलेल्याने केलेली असते. तिचा अर्थ इतकाच की मी ऐकायला बसलो होतो आणि मला ऐकू आलं नाही. समोरचा बोललाच नाही, का बोलला पण वाटेत अडलं, का माझेच कान बंद होते, यातलं काहीही त्या नोंदीत नसतं. "आणि लोक काय करतात? नाव वाचतात आणि तोच पार्ट बदलतात," काका म्हणाले.

त्या गाडीतली रचना जरा समजून घेण्यासारखी आहे. या प्रकाराला मोस्ट म्हणतात. १९९८ साली काही जर्मन मोटार कंपन्या आणि ऑडिओवाले त्यासाठी एकत्र आले, आणि २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजमध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. यात तारेतून वीज जात नाही, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या फायबरमधून लाल उजेड जातो. सगळी यंत्रं फेर धरल्यासारखी गोलात जोडलेली. प्रत्येकाने मागच्याकडून उजेड घ्यायचा आणि ताजा करून पुढच्याला द्यायचा. त्यामुळे एका ठिकाणी खंड पडला की सगळा फेर मुका होतो. दोष एका जागी, मौन सगळीकडे. दोषी आणि निर्दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात!

मग शोधायचं कसं? अशा गाड्यांत त्यासाठी प्रत्येक यंत्राला एक वेगळी साधी तार दिलेली असते. फेर तुटला असला तरी त्या तारेवरून प्रत्येकाला विचारता येतं. प्रत्येक यंत्र आपल्या पुढच्याला उजेड दाखवतं आणि दोनच गोष्टी सांगतं: माझी वीज ठीक आहे का, आणि मागून उजेड येतोय का. दुसऱ्याबद्दल मत द्यायची सोयच नाही. आमच्या चहाच्या वेळी अशी तार असती तर फार बरं झालं असतं.

अ‍ॅम्प्लिफायरने सांगितलं, वीज ठीक, उजेड येत नाही. त्याच्या मागे ट्यूनर. ट्यूनर म्हणाला, माझ्याकडे उजेड येतोय. म्हणजे घोळ या दोघांच्या मध्ये. आम्ही लगेच म्हणालो, "मग ट्यूनर गेला!" (सवय जात नाही.) काका हसले. त्यांनी ट्यूनरची दोन्ही फायबर काढून एका छोट्या जोडणीने एकमेकांना लावली, म्हणजे ट्यूनरला फेरातून बाहेर ठेवलं. तरी अंधार. ट्यूनरही निर्दोष. उरली त्यांच्यामधली हातभर वाट.

कार्पेट उचललं. क्लिपखाली फायबर मुडपून दाबलेली होती. हिचं वळण साधारण २५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळायचं नसतं, आवळलं की उजेड वाटेतच सांडतो. तुकडा बदलला, स्क्रीन उजळली, आणि कुठल्याशा जुन्या सीडीतली सनई वाजायला लागली. पहिला अ‍ॅम्प्लिफायर चांगलाच होता. कार्पेट शेठनीच हौसेने बसवून घेतलं होतं. मुलगा खरं बोलत होता.

पुढच्या बैठकीत हे सांगितल्यावर आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक, जे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गेले कित्येक दिवस आम्ही तिच्यावरच अडकलो आहोत.

गाडीतल्या इंजिन, ब्रेक अशा यंत्रांचं बोलणं कॅन नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेवर चालतं. बॉश कंपनीने ती १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटला जाहीर केली. तिथे सगळे एकाच दोन-तारी जोडीवर असतात, एक गप्प बसला तर बाकीचे बोलत राहतात. तिथली भीती उलटी आहे. एखाद्या यंत्राचे कान बिघडले आणि ते प्रत्येक निरोपाला मध्येच ‘चुकलं, चुकलं’ असं ओरडायला लागलं तर? ‘चुकलं’ म्हणायचा हक्क तर प्रत्येकाला हवा. म्हणून नियम असा केला की प्रत्येकाने आपल्या चुकांचा हिशेब स्वतःच ठेवायचा. निरोप पाठवताना चूक झाली की आपल्या खात्यात ८ मांडायचे, नीट पोचला की १ वजा. ऐकताना चूक आढळली तर १ मांडायचा. पण ‘चुकलं’ अशी हाक मीच सगळ्यांच्या आधी दिली असं दिसलं, तर माझ्या खात्यात आणखी ८. हिशेब १२७ च्या वर गेला की इतरांना मध्ये तोडायचा हक्क जातो. पाठवण्याचा हिशेब २५५ च्या वर गेला की त्याने आपणहून बाजूला व्हायचं.

म्हणजे, चूक मला एकट्यालाच दिसत असेल, तर संशय आधी माझ्यावर. ऐकून आम्ही खूश झालो. केवढी नम्रता! तक्रार करायची मुभा आहे, पण तक्रारीची किंमत आधी आपल्या खात्यात. एकाने तर हा नियम घराघरांत लागू करा म्हणून सुचवलं.

तेव्हा मागे बसलेल्या एका ताई म्हणाल्या, "पण त्या दिवशी एकटा कोण बोलत होता?"

सगळे गप्प. एकटा बोलत होता तो मुलगाच. आम्ही सगळे एका सुरात, आणि तो एकटा वेगळं सांगणारा. या नियमाने ८ त्याच्याच खात्यात पडले असते. पडलेच की! आम्ही नकळत तोच नियम वापरला होता. ताई पुढे म्हणाल्या, घरातली सून असो, कामावरचा पोऱ्या असो, ज्याला कुणाचा पाठिंबा नाही तो खरं बोलला तरी एकटाच दिसतो.

यावर पुष्कळ बोलणं झालं. आमचं मत असं झालं आहे की नियमात खोट नाही, आम्ही तो अर्धाच उचलला. तिथे हा हिशेब ज्याचा तोच ठेवतो, दुसऱ्याच्या नावावर मांडत नाही. दुसरं म्हणजे तिथे मालक आणि नोकर असं काही नाही, इंजिनाला ८ आणि दाराच्या काचेलाही ८ च. आणि चांगला पोचलेला प्रत्येक निरोप १ कमी करत जातो. त्या मुलाने दोन वर्षं वेळेवर गाडी काढली, एक ओरखडा येऊ दिला नाही, हे आम्ही कधी वजा केलं? आमच्या खात्यात तर आम्ही काहीच मांडलं नव्हतं. तरी ताईंच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर यात आहे असं आम्ही म्हणत नाही. एकटा खरा आणि एकटा बिघडलेला, पहिल्या हाकेला दोघं सारखेच दिसतात. काकांसारखं कार्पेट उचलून बघायला लागतं, आणि चहा पिता पिता ते होत नाही.

आता पैशांचं. गुरुबंधू म्हणाले, सहा हजार त्याच्या खात्यात टाकून देतो, विषय संपला. काहींना हे पटलं. आम्हाला पटलं नाही. आरोप चार ड्रायव्हरांसमोर झाला होता, आणि पैसे मात्र मोबाइलवरून गुपचूप परत जाणार. ज्या ज्या कानात ते शब्द पडले तिथे तिथे ते खोटे होते हे सांगायला हवं, आमच्या बैठकीतही. निदान या अंकातून ते सांगतो आहोत: त्या मुलाची चूक नव्हती, आणि आम्ही न तपासता मान डोलावली.

त्याचा जुना नंबर लागत नाही. हालोलला एका कारखान्यात लागलाय असं बाकीच्या ड्रायव्हरांकडून कळलं. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं निघतो आहोत. गुरुबंधूही येतो म्हणाले. गाडी मात्र ती न्यायची नाही, एसटीने जायचं असं ठरलं आहे.