शब्दाचा अर्थ कोणाच्या हाती?

बायबलच्या नव्या करारात ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द वारंवार येतो. बोलावून एकत्र जमवलेली माणसे, सभा, असा त्याचा साधा अर्थ. ग्रीक नगरांतल्या नागरिकांच्या सभेलाही हेच नाव होते. लॅटिनने तो जवळजवळ तसाच उचलला आणि हजार वर्षांत त्याच्याभोवती पोप, बिशप, मठ आणि धर्मन्यायालये यांची भक्कम व्यवस्था उभी राहिली. इंग्रजीत त्या व्यवस्थेला ‘चर्च’ म्हणत. १५२६ मध्ये जर्मनीतल्या व्हर्म्स शहरात विल्यम टिंडेलने थेट ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार छापून झाला. त्यात ख्रिस्ती समुदायासाठी ‘चर्च’ न वापरता त्याने ‘कॉन्ग्रिगेशन’ हा शब्द घातला होता. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला ‘मंडळी’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा.

टिंडेल तेवढ्यावर थांबला नाही. ‘प्रीस्ट’ म्हणजे पुरोहित, हा रूढ शब्द टाळून त्याने ‘सीनियर’ म्हणजे वडीलधारा, असे लिहिले. ‘चॅरिटी’ काढून ‘लव्ह’ आणले. सर्वांत खोल घाव चौथ्या शब्दाचा होता. ‘मेतानोइया’ या ग्रीक शब्दात मन पालटण्याचा भाव आहे. लॅटिन बायबलने त्याचा जो अनुवाद केला, त्यावरून इंग्रजीत ‘डू पेनन्स’ म्हणजे प्रायश्चित्त घ्या, असा अर्थ रुळला. टिंडेलने ‘रिपेंट’ म्हणजे पश्चात्ताप करा, असे लिहिले. प्रायश्चित्त घ्यायचे तर ते सांगणारा, पाप ऐकून घेणारा आणि क्षमा जाहीर करणारा पुरोहित लागतो. पश्चात्तापाला असा मध्यस्थ लागत नाही. माणूस आणि देव यांच्यामध्ये कोणी उभे राहायचे की नाही, हा प्रश्न एका क्रियापदावर येऊन ठेपला होता. लंडनच्या बिशपने या पुस्तकाच्या प्रती जाळायला लावल्या, त्यामागचे कारण यातून कळते.

टिंडेलला उत्तर दिले इंग्रज विद्वान आणि राजकारणी टॉमस मोरने. १५२९ मध्ये त्याने पाखंडाविरुद्ध संवादरूपाने मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात या शब्दांचा एकेक करून समाचार घेतला. मोर पाखंड्यांना जाळण्याचे समर्थन करणारा होता आणि त्याबद्दल त्याची गय करण्याचे कारण नाही. पण भाषेविषयीचे त्याचे म्हणणे कच्चे नव्हते. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: शब्दाचा अर्थ तो बोलणाऱ्या समाजात असतो. इंग्रज माणूस ‘चॅरिटी’ ऐकतो तेव्हा त्याच्या मनात सात्त्विक, ईश्वराभिमुख प्रेम येते. ‘लव्ह’ म्हटले तर कोणतेही प्रेम, विषयसुखाचेसुद्धा. मूळ ग्रीक शब्द काहीही असो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने भरलेला शब्द टाकून मोकळा शब्द घेणे म्हणजे अर्थच पातळ करणे.

टिंडेलने १५३१ मध्ये उलट उत्तर छापले. वापरानेच शब्द बिघडवला असेल, तर मुळाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, ही त्याची भूमिका. एक प्रश्न त्याने वर्मी लागेल असा विचारला. मोरचा जिवलग मित्र, विद्वान इरॅस्मस यानेही आपल्या लॅटिन भाषांतरात ‘एक्लेसिया’साठी अनेकदा ‘कॉन्ग्रेगातिओ’ लिहिले होते. मग त्याला मोर काही का म्हणत नाही? मोरचे उत्तर होते की इरॅस्मसच्या मनात वाईट हेतू नव्हता. या उत्तराने मोरचा आपलाच सिद्धान्त डळमळला. अर्थ समाजाच्या वापरात असेल, तर भाषांतरकाराच्या हेतूने तो बदलायला नको. टिंडेलनेही एक गोष्ट मान्य केली: ‘सीनियर’ हे चांगले इंग्रजी नव्हते. १५३४ च्या सुधारित आवृत्तीत त्याने ‘एल्डर’ हा रुळलेला शब्द घेतला. शब्द निवडताना वापराला डावलता येत नाही, हे मोरचे म्हणणे त्याने एका जागी तरी कृतीने स्वीकारले.

इंग्लंडच्या राजाला धर्मसंस्थेचा प्रमुख मानायला नकार दिल्याने १५३५ मध्ये मोरचा शिरच्छेद झाला. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळच्या व्हिलव्होर्ड येथे टिंडेलला गळा आवळून मारले व देह जाळला. वाद मात्र चालूच राहिला. १६११ चे किंग जेम्स बायबल टिंडेलच्या वाक्यांवर उभे आहे. तरी ते करणाऱ्या विद्वानांना जुने धार्मिक शब्द ठेवावेत, ‘चर्च’च्या जागी ‘कॉन्ग्रिगेशन’ घालू नये, असा लेखी नियम घालून दिला होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘चॅरिटी’ परतली. तिच्या जागी पुन्हा ‘लव्ह’ आले ते १८८१ च्या सुधारित आवृत्तीत.

या वादाची खरी कसोटी लागते ती टिंडेलने स्वतः घडवलेल्या एका शब्दावर. १५३० मध्ये त्याने बायबलची पहिली पाच पुस्तके हिब्रूवरून इंग्रजीत आणली. त्यांतल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वराचा: त्याचा बळी द्यायचा, रक्त परमपवित्र स्थानी नेऊन शिंपडायचे. दुसरा ‘अजाजेल’चा: महायाजकाने त्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून साऱ्या इस्राएलची पापे उच्चारायची आणि त्याला एका माणसाबरोबर रानात सोडून द्यायचे. पुढे जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात त्याला कड्यावरून ढकलत, असे मिश्ना हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो. लेवीयमध्ये तसे नाही.

अजाजेल म्हणजे काय? हिब्रू अक्षरे दोन शब्दांत फोडली, तर ‘निघून जाणारा बोकड’ असा अर्थ निघतो. जेरोमच्या लॅटिन बायबलने तोच धरला आणि टिंडेलने ‘स्केपगोट’ म्हणजे सुटून जाणारा बोकड, हा शब्द बनवला. पण ज्या वाक्यात एक परमेश्वरासाठी आणि दुसरा अजाजेलसाठी आहे, तिथे अजाजेल हे कोणा राक्षसाचे नाव असावे, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. हनोखच्या प्राचीन ग्रंथात पतित देवदूतांमध्ये हे नाव येतेही. म्हणजे मुळाशी निष्ठा सांगणाऱ्या टिंडेलचा सर्वांत यशस्वी शब्द मुळाच्या बहुधा चुकीच्या वाचनातून आला, आणि त्याला आजचा अर्थ दिला तो वापराने. १९व्या शतकात ‘स्केपगोट’ म्हणजे इतरांचे दोष ज्याच्या माथी मारले जातात असा माणूस, हा अर्थ पक्का झाला. लेवीयमध्ये बोकडाला कोणी दोषी समजत नाही. पाप आपले आहे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून तर ते उच्चारायचे असते. फ्रेंच विचारवंत रने जिरार याने १९८२ मध्ये या कल्पनेवर पूर्ण पुस्तक लिहिले, ते या नव्या अर्थाच्या बळावर: जमाव निरपराध माणसावर हिंसा करून एकत्र येतो, आणि त्याला खरोखरच अपराधी मानतो.

मराठीत ‘स्केपगोट’साठी सर्रास ‘बळीचा बकरा’ म्हणतात, तेव्हा दोन्ही बोकडांची अदलाबदल होते. लेवीयमध्ये बळी जाणारा पहिला, पापे वाहणारा दुसरा. तरी मराठी वाचकाला अर्थ बरोबर कळतो, आणि इथे मोरचेच म्हणणे खरे ठरते. पण लेवीय समजून घ्यायचे असेल, तर हे वापरातले अर्थ उपयोगी पडत नाहीत. तिथे टिंडेलचा मार्गच धरावा लागतो. १८८५ च्या सुधारित इंग्रजी जुन्या कराराने तोच धरून ‘स्केपगोट’ मजकुरातून काढला आणि ‘अजाजेल’ हे हिब्रू नाव परत ठेवले. त्यानंतरच्या कित्येक इंग्रजी बायबलांत तेच नाव आहे.